जुन्या आज्ञावलीचें बिऱ्हाड

आमच्या शाळेच्या कचेरींत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यांत, हजेरीपत्रकांच्या गठ्ठ्यामागें, पांच फ्लॉपी, एक तबकडी आणि सुतळीनें बांधलेला एक लहानसा चौकोनी ठोकळा अशा वस्तु बरींच वर्षें पडून होत्या. १९९६ सालीं शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हां आम्हीं एक स्मरणग्रंथ काढला होता. शाळेचे पहिले मुख्याध्यापक त्या वेळीं हयात होते. धर्मशाळेच्या ओसरीवर सतरा मुलें बसवून पहिला वर्ग कसा भरला, ही हकीकत त्यांनीं त्या ग्रंथासाठीं प्रथमच लिहून दिली. पुढें ते निवर्तले, त्यांचें हस्तलिखित गहाळ झालें, आणि शाळेंत उरलेल्या प्रति वाळवीनें खाल्ल्या. २०२१ सालीं अमृतमहोत्सवाची जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हां सर्वांना आठवण झाली ती त्या तबकडीची. ती संगणकांत घातली, स्मरणग्रंथाची फाइल दिसली, ती उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन चिवडा उमटला. त्या हकीकतींतील एकही अक्षर पुसलें गेलें नव्हतें, आणि एकही अक्षर वाचतां येत नव्हतें. ज्या यंत्रावर तो ग्रंथ जुळविला तें २००९ सालीं भंगारांत विकलें गेलें होतें, आणि त्या विक्रीच्या कागदावर सही माझीच होती.

आजचें हें भाषण मी त्या सहीचें प्रायश्चित्त म्हणून करीत आहें, असें आपण समजलांत तरी चालेल.

संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या सूचनांची मालिका म्हणजे आज्ञावली. तिलाच आपण सॉफ्टवेअर किंवा प्रोग्रॅम म्हणतों. भांड्याची कल्हई उडते, पोथीला कसर लागते, घड्याळाची कमान सैल पडते. आज्ञावलीचें तसें नाहीं. ती झिजत नाहीं. आज केलेली तिची नक्कल तीस वर्षांपूर्वींच्या मूळ प्रतीशीं तंतोतंत जुळेल. तरीही ती निरुपयोगी होते, कारण तिच्या भोंवतालचें जग निघून जातें. तिला जगण्यास तीन आधार लागतात. पहिला आधार म्हणजे तिची भाषा समजणारा प्रोसेसर. दुसरा, ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे फाइल, पडदा, छपाई यांची व्यवस्था पाहणारी कार्यप्रणाली. हिला घरांतील कारभारी म्हणावें. तिसरा, अनेक आज्ञावल्यांनीं मिळून वापरावयाचे सूचनासंग्रह. हे त्या घरांतील सामायिक भांड्याकुंड्यांसारखे. यांतील कोणताही एक आधार बदलला कीं जुनी आज्ञावली परक्या गांवीं आलेल्या माणसासारखी मुकी होते. हे तीन आधार तिला पुन्हां कसे मिळवून द्यावे, या प्रश्नाचा इतिहास साठ वर्षांचा आहे, आणि तो मोठा बोधप्रद आहे.

त्याचा आरंभ व्यापारी निकडींतून झाला. अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीनें १९५९ सालीं १४०१ या क्रमांकाचें यंत्र बाजारांत आणलें. पगारपत्रकें, विम्याचे हिशेब, मालाची जंत्री अशीं कामें करणारीं हीं यंत्रें पुढील कांहीं वर्षांत दहा हजारांहून अधिक संख्येनें बसविलीं गेलीं. त्यानंतर ७ एप्रिल १९६४ रोजीं त्याच कंपनीनें सिस्टिम ३६० ही नवी यंत्रमालिका जाहीर केली. ती सर्वस्वीं नव्या घडणीची होती आणि जुन्या यंत्राची भाषा तिला येत नव्हती. ग्राहकांपुढें पेंच पडला. यंत्र भाड्याचें, तें परत करतां येईल; परंतु त्यावर चालविण्यासाठीं माणसें बसवून वर्षानुवर्षें लिहून घेतलेल्या आज्ञावल्यांचें काय करावें? हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीनें हा पेंच आधींच हेरला होता. तिनें डिसेंबर १९६३ मध्यें आपलें २०० क्रमांकाचें यंत्र जाहीर केलें, आणि १४०१ च्या आज्ञावल्या त्यावर चालण्याजोग्या करून देणारी एक सोयही पुढें केली. तिचें नांवच 'लिबरेटर', म्हणजे मुक्तिदाता, असें ठेविलें होतें.

आय. बी. एम. च्या अभियंत्यांनीं याला जें उत्तर शोधलें तें या सर्व इतिहासाचें बीज होय. जुन्या यंत्राची एकेक आज्ञा नव्या यंत्राच्या भाषेंत उलगडून चालविण्याची युक्ति तत्पूर्वींही ठाऊक होती; पण तींत जुन्या एका आज्ञेसाठीं नव्या अनेक आज्ञा खर्चीं पडत आणि काम गोगलगायीच्या गतीनें चाले. अभियंत्यांनीं जुन्या भाषेचें ज्ञान यंत्राच्या अंतर्भागांतील सूक्ष्म सूचनांमध्येंच घातलें. त्यामुळें ३६० मालिकेंतील लहान यंत्रही हवें तेव्हां १४०१ चें सोंग घेऊं लागलें, आणि तें सोंग मूळ पात्राहून अधिक चपळ ठरलें. या युक्तीस त्यांनीं 'इम्युलेशन' असें नांव दिलें. आपण तिला अनुकरण म्हणूं. यंत्राहून यंत्रासाठीं वेंचलेले मानवी श्रम अधिक मोलाचे असतात, ही गोष्ट बाजारानें त्या वर्षीं मान्य केली.

दुसरी युक्ति त्याच कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रांत जन्मास आली. हें केंब्रिज इंग्लंडांतील नव्हे, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील. तेथें रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखालीं सी. पी. ४० ही प्रणाली तयार होऊन १९६७ सालीं वापरांत आली. तिची कल्पना आपल्याकडील जुन्या वाड्यावरून चटकन ध्यानीं येईल. वाडा एकच, पण त्यांत चार बिऱ्हाडें राहतात. प्रत्येकाची चूल निराळी, दाराची कडी निराळी, आणि आंतून कडी लावली कीं प्रत्येकाला वाटतें, हें घर आपलेंच. त्याचप्रमाणें एका खऱ्या संगणकाचे अनेक काल्पनिक संगणक भासवावे, आणि प्रत्येकांत निराळी कार्यप्रणाली नांदवावी, अशी ही योजना होती. यांस आभासी यंत्रें म्हणतात. ऑगस्ट १९७२ मध्यें व्ही. एम. ३७० या नांवानें ती जाहीर करण्यांत आली. तिचा एक मोठा उपयोग असा झाला कीं, नवी कार्यप्रणाली एका बिऱ्हाडांत रुळत असतां जुनी शेजारच्या बिऱ्हाडांत आपलें काम बिनबोभाट करीत राही. एका रात्रींत सगळा संसार हलविण्याची आपत्ति टळली.

हे दोन्ही उपाय मोठ्या कंपन्यांच्या प्रचंड यंत्रांपुरते होते. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. नें वैयक्तिक संगणक जाहीर केला, आणि पुढील दशकांत टेबलावर मावणारीं हीं यंत्रें दुकानांत, कचेऱ्यांत, शाळांत पसरलीं. त्यावरील डॉस ही कार्यप्रणाली एका वेळीं एकच आज्ञावली चालवी, आणि ती आज्ञावली सगळें यंत्र आपलेंच समजून वागे. १९८५ सालीं इंटेल कंपनीनें ३८६ हा प्रोसेसर आणला, त्यांत वाड्याचीच युक्ति थोडक्यांत बसविली होती. त्यामुळें डॉसच्या अनेक आज्ञावल्या एकाच वेळीं, पण परस्परांचा गंधही न लागतां, चालूं लागल्या. ॲपल कंपनीनें १९९४ सालीं आपला प्रोसेसर बदलला, तेव्हां अनुकरणाच्या मार्गानें जुन्या आज्ञावल्या नव्या यंत्रांवर नेल्या. २००६ आणि २०२० या सालीं पुन्हां प्रोसेसर बदलतांना तिनें 'रोझेटा' नांवाचा दुभाषा दिला. एकाच कंपनीवर तीनदां ही पाळी आली, यावरून हा प्रश्न एकदां सोडवून संपणारा नव्हे हें दिसून येतें.

येथवर सांगितलेल्या उपायांत सगळें यंत्र किंवा निदान त्याचा प्रोसेसर भासवावा लागे. परंतु एका आज्ञावलीसाठीं सगळें घर उभारावयाचें म्हणजे पाहुण्यासाठीं वाडा बांधण्यासारखें झालें. म्हणून केवळ आज्ञावलीपुरतीच व्यवस्था करण्याचे दोन मार्ग पुढें निघाले.

पहिला मार्ग दुभाष्याचा. लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीचे चाहते असलेल्या बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनीं १९९३ सालीं 'वाईन' नांवाचा उद्योग आरंभिला. विंडोजसाठीं लिहिलेली आज्ञावली लिनक्सवर चालवावी, हा त्याचा हेतु. दोन्हीकडे प्रोसेसर एकच असल्यामुळें आज्ञावलीची भाषा परकी नव्हती; परका होता तो कारभारी. आज्ञावली जेव्हां म्हणे, 'चौकट उघड', 'फाइल वाच', 'छपाई कर', तेव्हां ती विनंति वाईननें मध्येंच झेलावयाची आणि लिनक्सच्या रीतीनें पुरी करून द्यावयाची. म्हणूनच हें अनुकरण करणारें यंत्र नव्हे, असा खुलासा त्या नांवाच्या फोडींतच घातलेला आहे. काम ऐकावयास सोपें, परंतु विंडोजमध्यें अशा विनंत्या हजारों; त्यांतील कित्येकींचें वर्तन कोठें लिहून ठेवलेलें नव्हतें आणि प्रयोग करकरूनच जाणून घ्यावें लागलें. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड यांनीं ही धुरा वाहिली, आणि १.० ही पहिली पक्की आवृत्ति जून २००८ मध्यें, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनीं, बाहेर पडली. २०१८ सालीं व्हॉल्व्ह कंपनीनें याच पायावर 'प्रोटॉन' रचून विंडोजचे खेळ लिनक्सवर आणले.

दुसरा मार्ग शिदोरीचा, आणि त्यालाच 'ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन', म्हणजे आज्ञावलीचें आभासीकरण, हें नांव विशेषेंकरून पडलें. विंडोजमध्यें सूचनासंग्रह सामायिक असल्यामुळें घरोघर जें सामायिक भांड्यांवरून होतें तेंच होऊं लागलें. एका आज्ञावलीनें आपल्या सोयीचा नवा संग्रह आणून ठेवावा आणि जुन्यावर विसंबलेली दुसरी आज्ञावली त्याच दिवशीं बंद पडावी. बॉस्टन येथील सॉफ्ट्रिसिटी या कंपनीच्या 'सॉफ्टग्रिड'नें यावर उपाय केला. आज्ञावली एका कोऱ्या यंत्रावर बसवावयाची. बसवितांना ती कोणत्या फाइली ठेवते आणि विंडोजच्या नोंदवहींत काय लिहिते याचें बारकाईनें टिपण घ्यावयाचें. आणि तें सर्व एका गांठोड्यांत बांधावयाचें. मग तें गांठोडें दुसऱ्या यंत्रावर नेलें कीं आज्ञावली आपली शिदोरी, आपला तांब्या आणि आपली वळकटी घेऊन आलेल्या पाहुण्यासारखी राहते. तिनें सामायिक फळीवरील वस्तु मागितली कीं तिच्याच गांठोड्यांतील वस्तु तिच्या हातीं दिली जाते. तिनें भिंतीवर कांहीं लिहिलें कीं तें तिच्या खासगी पाटीवर उमटतें. पाहुणा गेला कीं घर होतें तसेंच. मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं ही कंपनी विकत घेतली, आणि तें साधन पुढें 'ॲप-व्ही' म्हणून प्रसिद्ध झालें. 'थिनस्टॉल' हें त्याच जातीचें साधन २००८ सालीं व्हीएमवेअर कंपनीनें घेतलें व त्यास 'थिनॲप' असें नांव दिलें.

परंतु प्रत्येक युक्तीची धांव कुठवर, हेंही सांगितलें पाहिजे. शिदोरीचा पाहुणा विंडोजच्या एका आवृत्तींतून दुसरींत सुखानें जाईल. परंतु कारभाऱ्याचें घराणेंच बदललें तर त्याला दुभाषा हवा, नाहींतर स्वतंत्र बिऱ्हाड हवें. यंत्राला जोडलेल्या उपकरणांस चालविणाऱ्या, कार्यप्रणालीच्या गाभ्यांत शिरणाऱ्या सूचना गांठोड्यांत बांधतां येत नाहींत. ६४ बिटांच्या विंडोजनें डॉसच्या व १६ बिटांच्या जुन्या आज्ञावल्या चालविणें सोडून दिलें, आणि २०२१ ची विंडोज ११ तर ६४ बिटांचीच निघाली. तेथें 'डॉसबॉक्स'सारखें, सगळा जुना संगणकच सोंगानें उभा करणारें साधन घ्यावें लागतें. तें २००२ सालचें. त्याचीच एक आवृत्ति ब्राउझरमध्यें बसवून इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेनें जानेवारी २०१५ मध्यें डॉसचे सुमारें २,४०० खेळ जगास खुले केले. मौज अशी कीं, विंडोजनें स्वतः टाकलेल्या कांहीं १६ बिटांच्या आज्ञावल्या वाईनच्या आधारें ६४ बिटांच्या लिनक्सवर अद्याप चालतात. घरच्यांनीं विसरलेल्या वृद्धाची शेजाऱ्यानें विचारपूस करावी, तसा हा प्रकार आहे.

हें सारें ऐकून एखादे गृहस्थ म्हणतील, हा व्यापार आणि हे खेळ. आमचें यांत काय अडलें आहे? त्यांच्यासाठीं इंग्लंडांतील एक हकीकत सांगतों. विल्यम राजानें १०८६ सालीं आपल्या राज्यांतील जमिनींची जी मोजदाद करविली ती 'डोम्सडे बुक' या नांवानें जतन आहे आणि आजही वाचतां येते. तिच्या नवशें वर्षांच्या स्मृतिनिमित्त बी. बी. सी. नें १९८६ सालीं नवें डोम्सडे सिद्ध केलें. गांवोगांवच्या शाळांतील मुलांनीं आपल्या परिसराचीं वर्णनें लिहिलीं, छायाचित्रें काढलीं. दहा लाखांवर लोकांचा त्यांत हात लागला. हें सर्व दोन लेसर तबकड्यांवर कोरलें. पण त्या वाचण्यास एक विशिष्ट संगणक आणि एक विशिष्ट वाचकयंत्र लागे, आणि दोन्ही लवकरच बाजारांतून नाहींशीं झालीं. सोळा वर्षांत तें भांडार जवळजवळ मुकें झालें. २००२ सालीं लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं त्या जुन्या यंत्राचें अनुकरण नव्या संगणकावर उभें केलें, तेव्हां तें पुन्हां बोललें. नवशें वर्षांचें चामडें वाचतां यावें आणि सोळा वर्षांची तबकडी वाचतां येऊं नये, यांत तबकडीचा दोष थोडा. तिच्याबरोबर तिचें बिऱ्हाड कोणीं जपलें नाहीं, हा खरा दोष. जेफ रोथेनबर्ग या अभ्यासकानें १९९५ सालींच हा धोका लोकांपुढें मांडून अनुकरणाचा उपाय सुचविला होता.

आमच्या शाळेचेंही नेमकें तेंच झालें होतें. १९९१ सालीं भारतीय लिप्यांसाठीं एक प्रमाण संकेत ठरला, आणि त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतही देवनागरीला जागा मिळाली. परंतु छपाईच्या बाजारांत जो तो आपापल्या रीतीनें रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसवी. ती विशिष्ट आज्ञावली आणि तिचे टंक नसले कीं खालची रोमन अक्षरें उघडीं पडत. आमचा चिवडा तो हाच.

संगणकाच्या क्षेत्रांत नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी सुटींत गांवीं आला होता. त्यानें आपल्या संगणकांत आभासी यंत्र उभें करून त्यांत जुनी विंडोज बसविली. आज्ञावली विकत घेतलेली होती, परवाना शाळेच्या नांवें होता, आणि मूळ पांच फ्लॉपी कपाटांत होत्या. चार वाचल्या गेल्या. पांचवी वाचण्यास त्याला अर्धी रात्र लागली. मग आज्ञावली उघडली, आणि तिनें कुलूप दाखविलें. नक्कल होऊं नये म्हणून यंत्रामागील छपाईच्या छिद्रांत एक ठोकळा लावावा लागे, डी. टी. पी. करणारे त्याला लॉक किंवा डोंगल म्हणत. तो मिळाला नाहीं तर ती चालणार नव्हती. सुतळीनें बांधलेला तो चौकोनी ठोकळा म्हणजे काय, हें मला त्या क्षणीं समजलें. आमच्या शिपाईदादांनीं तो बारा वर्षांपूर्वीं, भंगारवाला यंत्र उचलीत असतां, 'चावी दिसतेय, राहूं दे' म्हणून काढून ठेवला होता. सही करणाऱ्याला जें सुचलें नाहीं तें त्यांना सुचलें. नव्या संगणकास तसलें छिद्रच नव्हतें, म्हणून तसें छिद्र असलेलें एक जुनें यंत्र एका छापखान्यांतून मागून आणावें लागलें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पडद्यावर धर्मशाळेची ओसरी आली, सतरा मुलें आलीं, आणि पावसांत भिजलेली पहिली हजेरीवही चुलीवर शेकून वाळविल्याची हकीकत आली. मी ती मोठ्यानें वाचूं लागलों, आणि अर्ध्यावर मला थांबावें लागलें.

तें आभासी यंत्र आम्हीं जपून ठेवलें आहे, आणि तें इंटरनेटला जोडूं नये अशी चिठ्ठी त्यावर लावली आहे. कारण जुन्या कार्यप्रणालीच्या भिंती आतांच्या चोरांपुढें टिकणाऱ्या नाहींत. परंतु मजकूर आम्हीं त्यांत राहूं दिला नाहीं. दहावीच्या मुलामुलींनीं तो युनिकोडमध्यें नव्यानें टंकलिखित केला, आणि शंभर प्रति कागदावर छापल्या. सोंग घेणारें यंत्र हेंही शेवटीं एक आज्ञावलीच. उद्यां तेंही जुनें होईल, आणि त्यालाही दुसरें बिऱ्हाड शोधावें लागेल.

श्रोतेहो, आपल्याही घरीं एखाद्या कपाटांत वडिलांचे हिशेब, आजीच्या ओव्या, एखाद्या मंडळाचें इतिवृत्त अशा तबकडीवर पडलें असेल. ती तबकडी जपाच. पण ती कोणत्या आज्ञावलींत लिहिली, कोणत्या विंडोजवर चालत होती, तिच्या फ्लॉपी आणि तिची चावी कोठें आहे, हें आज एका कागदावर लिहून तिच्याबरोबर ठेवा. ज्यांना तें ठाऊक आहे तीं माणसें हयात आहेत तोंवर त्यांना विचारा. यंत्र विकतांना सही करण्यापूर्वीं एवढें पाहावें, असें मला कोणीं सांगितलें नव्हतें. मी आपणांस सांगितलें आहे.